मुकादम चावला नाही

मला कुत्री आवडत नाहीत. ती लाळ, ते केस, तो ओल्या गोधडीचा वास, आणि दिसेल त्याचं बूड हुंगायची ती हौस. पण कुत्र्यांची किळस साबणानं हात धुतले की जाते. त्या बागेच्या समितीची किळस अजून गेलेली नाही, आणि त्या गोष्टीला आता चार महिने होत आले.

ही हकीकत माझ्या थोरल्या नणंदेची. घरात आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. बागेतली माणसं तोंडावर 'मावशी' म्हणायची आणि पाठ वळली की 'पट्टेवाली'. वन्संना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींना त्या सारख्याच 'ओ' देत. मी असते तर एकाला तरी दात दाखवले असते.

वन्संनी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात काढली. रक्ताच्या चादरी, पू लागलेले अभ्रे, बाळंतिणींचे गाऊन. हात कोपरापर्यंत सोललेले असायचे. मग एका शुक्रवारी ते काम ठेकेदाराला गेलं आणि चौदा बायकांच्या हातात एकेक कागद आला. मी तेव्हा संघटनेकडून फाटकात धरणं धरलं होतं. वन्संही यायच्या, पण घोषणा द्यायला त्यांचं तोंड उघडत नसे. त्या मागे उभ्या राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी त्यांना म्हणायचे, वन्सं, तुमच्यासाठी मी घसा फोडतेय आणि तुम्ही चपलांना राखण बसलाय. त्या म्हणायच्या, अगं, परत जाताना लागतातच की.

धरण्याचं काही झालं नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचं मांडीचं हाड मोडलं, त्याचं कुत्रं फिरवायला कुणी नव्हतं, ते वन्संनी नेलं. मग समोरच्या इमारतीतलं एक नेलं. असं करता करता चार घरांची चार कुत्री त्यांच्या हाताखाली आली, आणि हाच त्यांचा धंदा झाला. माझा नवरा चेष्टेनं म्हणायचा, ताईला माणसांनी कामावरून काढलं, कुत्र्यांनी ठेवून घेतलं.

ती बाग म्हणजे बाग नव्हेच. चारी बाजूंनी जाळी लावलेलं एक मैदान, एका कोपऱ्यात पत्र्याची शेड, पाण्याची दोन घमेली. तिथं कुत्र्यांना मोकळं सोडायचं. चार कुत्र्यांत मिसळली की ती माणसाळतात, भुंकाभुंकी कमी होते, असा हिशेब. आत शिरायला दोन फाटकं, आणि दोन्हींच्या मध्ये मोरीएवढी चौकोनी जागा. पहिलं फाटक लावून घ्यायचं, त्या मोरीत कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडायचा, मग दुसरं उघडायचं. पट्टा आत न्यायचा नाही. पाटीवर हे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. चार बुकं जास्त शिकलेल्या माणसांना पाट्या वाचता येत नाहीत, हा माझा जुना अनुभव आहे.

मी कधीमधी सकाळी वन्संबरोबर जायचे, संघटनेच्या कामाला तिकडूनच बस पकडायची म्हणून. तेव्हा त्यांचं काम बघितलं. त्या सरळ फाटकातून आत जात नसत. आधी जाळीच्या बाहेरून एक पुरा फेरा. आतली कुत्री आणि ह्यांची कुत्री जाळीतून एकमेकांना हुंगणार, काय भुंकायचं ते तिथंच भुंकून घेणार. फेरा संपेपर्यंत निम्मी नवलाई संपलेली. मग मोरीत पट्टे सोडून त्या उभ्या राहायच्या, आतली कुत्री फाटकापासून कंटाळून निघून जाईपर्यंत. आत गेल्यावर एका जागी थांबायच्या नाहीत, सारख्या चालत राहायच्या. मी विचारलं, बूड टेकायला बाक आहे तर का पाय झिजवताय? तर म्हणाल्या, माणूस थांबला की कुत्री त्याच्याभोवती जमतात, जमली की धक्काबुक्की, धक्काबुक्की झाली की भांडण. आपण चालत राहिलं की तीही पांगून चालतात. जमावाबद्दल मला शिकवू नका असं मी म्हणणार होते, पण त्यांचं बरोबर होतं.

आणि मालक लोक? शेडखाली कोंडाळं करून उभे. एका हातात कॉफीचा कागदी पेला, दुसऱ्यात फोन. ह्यांचं कुत्रं तिकडे दुसऱ्याच्या मानेला लोंबकळतंय, आणि हे आपसात त्याच्या वंशावळीबद्दल बोलतायत. कुत्र्यानं घाण केली की नाकाला रुमाल लावून ती प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, पिशवीला नीट गाठ मारायची, आणि ती तिथंच जाळीच्या खाली ठेवून द्यायची. कचऱ्याचा डबा वीस पावलांवर. पण वीस पावलं म्हणजे काय गंमत आहे? ती घाण उघडी राहिली असती तर दोन पावसांत तिची माती झाली असती. ह्यांनी तिला प्लास्टिकात घालून अमर केलं. त्या पिशव्या रोज सकाळी वन्सं उचलायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नव्हतं. पुढे पुढे तर लोक पिशवी दाखवून 'मावशी' एवढंच म्हणायचे, पुढचं वाक्य बोलायचे कष्टसुद्धा घेत नसत.

वन्संच्या चार कुत्र्यांत एक भलं मोठं, काळपट तपकिरी, जाड मानेचं कुत्रं होतं. त्याच्या घरी त्याला थंडर म्हणत. त्याची मालकीण दातांची डॉक्टर. वन्सं त्याला मुकादम म्हणायच्या, कारण बागेत शिरलं की ते आधी जाळीकडेनं सगळं मैदान तपासून यायचं, प्रत्येक कुत्र्यापाशी दोन क्षण थांबायचं आणि मगच स्वतः पाय पसरायचं. धुलाईघरातला मुकादम असाच यायचा म्हणे, फक्त तो हुंगायचा नाही. हा मुकादम आला त्या वर्षी दुसरं कुत्रं दिसलं की थरथर कापत वन्संच्या पायांत घुसायचा. त्याला मैदानात मोकळा फिरता करायला त्यांना आठ महिने लागले. ते त्यांनी कसे काढले ते मी बघितलंय, म्हणून सांगते, त्या जनावरात त्यांचा जीव होता.

समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त साहेब. त्यांचं कुत्रं पांढरं, लोकरीच्या गुंड्याएवढं, नाव कापूस. साहेब कापूसचा पट्टा कधी सोडत नसत. नियमांची पाटी लावली त्यांनीच, आणि पट्टा घेऊन आत येणारेही तेच. आणि दुसरं कुत्रं जवळ आलं की कापूसला उचलून कडेवर. वन्सं त्यांना दहादा म्हणाल्या असतील, साहेब, त्याला खाली राहू द्या, वर उचललं की बाकीची उड्या मारतात आणि ह्याला पळायला वाट राहत नाही. साहेब दर वेळी लांब कुठंतरी बघायचे. पट्टेवालीनं शिकवलेलं कानात शिरलं तर कानाला विटाळ व्हायचा.

त्या मंगळवारी जे झालं ते असं. साहेब फोनवर बोलत आत आले. कापूस पट्ट्यात. दोनतीन कुत्री हुंगायला धावली, त्यात मुकादम. पट्टा ताणलेला, त्यामुळे कापूसला ना मागे सरकता येईना ना मान वळवता येईना, ते गुरगुरायला लागलं. साहेबांनी ते पट्ट्यासकट उचलून खांद्यावर टाकलं. मुकादमानं पुढचे पाय साहेबांच्या छातीवर ठेवून वर हुंगलं. कापूसची बोबडी वळली, आणि तोंडापुढे जे आलं त्याला ते चावलं. तोंडापुढे साहेबांचा हात होता.

वन्सं पाच पावलांवर होत्या. बाकी सगळे शेडखाली फोनमध्ये माना घालून. पण अर्ध्या तासात समितीच्या ग्रुपवर अकरा जणांनी डोळ्यांनी बघितलं होतं की त्या राक्षसानं साहेबांचा हात तोंडात धरून झटकला.

साहेबांची अडचण खरी कुठं होती ते सांगते. हॉस्पिटलात हाताला टाके घातले, तिथं विचारलं, कुत्रं कुणाचं? असं विचारतातच. कारण चावलेल्या कुत्र्याचं नाव पालिकेच्या यादीत जातं, धोकादायक म्हणून. एकदा ते चढलं की त्या कुत्र्याला आयुष्यभर तोंडाला जाळी, मोकळं सोडायला बंदी. आणि दुसरी तक्रार आली, मग ती खरी असो की खोटी, कायमचं झोपवायची सुई. आपलंच म्हटलं असतं तर कापूस यादीत. आणि शिवाय शोभा झाली असती ती वेगळीच. साहेबांनी थंडरचं नाव सांगितलं. आता आठ दिवसांत एक फॉर्म भरून द्यायचा होता. त्यावर दोन सह्या लागत, एक मालकाची आणि एक, त्या वेळी कुत्रं ज्याच्या ताब्यात होतं त्याची. म्हणजे वन्संची.

वन्संनी हे मला जेवताना सांगितलं. मी ताटावरून उठले. त्याच दिवशी संघटनेच्या कागदावर समितीला पत्र लिहिलं, आणि ते जरा तिखट झालं. साहेबांना मी सरळ खोटारडे म्हटलं होतं. वन्संनी आधी मला थांब म्हटलं होतं. त्या डॉक्टरणीशी बोलणार होत्या, हळूच, दोघींत. माझं पत्र पोचल्यावर डॉक्टरणीनं त्यांचा फोन घेतला नाही. हे मी कबूल करते, मला आवडत नसलं तरी.

शनिवारी सकाळी समितीनं बोलावलं. साहेबांच्याच इमारतीच्या तळघरात, व्यायामाच्या खोलीशेजारी, एक बैठकीची खोली होती. घडी घातलेलं टेबल टेनिसचं टेबल भिंतीला टेकवलेलं. सुगंधी फवारा मारलेला, त्याखाली घामाचा वास. सहा माणसं, मधोमध साहेब, हाताला कोपरापर्यंत बँडेज. टाके तीन, बँडेज तीस टाक्यांचं. मांडीवर कापूस. ते त्या बँडेजची कड चावत होतं आणि साहेब दुसऱ्या हातानं त्याचं तोंड बाजूला करत होते. हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्याशिवाय कुणी हसलं नाही.

डॉक्टरीण टोकाच्या खुर्चीवर होती. तिच्या दवाखान्याची पाटी ह्याच इमारतीला, म्हणजे पेशंटही इथलेच. चाळिशीची, नीटनेटकी, नखं आखूड कापलेली. फॉर्म तिच्यापुढे होता आणि तिची सही त्यावर आधीच झालेली होती. स्वतःच्या कुत्र्याच्या नावाखाली. मला वाटलं होतं तिच्यावर अजून दबाव यायचा असेल, ती रडेल, नाही म्हणेल. ती पाणी पीत होती.

साहेब फार गोड बोलले. म्हणाले, मावशींबद्दल समितीत सगळ्यांना आदर आहे, बागेच्या स्वच्छतेत त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे घाणीच्या पिशव्या. मग म्हणाले, "तुमच्यावर कुणाचा राग नाही. एवढी सही करा, आणि उद्यापासून बाकीची तीन कुत्री घेऊन नेहमीसारख्या या."

सही केली नाही तर काय, ते त्यांच्या शेजारच्या माणसानं सांगितलं. समितीच्या परवानगीशिवाय पैसे घेऊन कुत्री फिरवणाऱ्यांना बागेत प्रवेश नाही, असा नियम होता म्हणे. चार वर्षं तो झोपला होता, आज उठून बसला. शिंपी सोडून वन्संच्या तिन्ही घरांना कुत्रं बागेतच जायला हवं होतं. बाग गेली की घरं गेली.

वन्सं फॉर्मकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली ती डॉक्टरणीकडे.

"डॉक्टरीणबाई, साहेब परवा तुमच्याकडे बँडेज सोडून हात दाखवायला आले होते असं ऐकलं. दोन सुळ्यांच्या खुणांमध्ये अंतर किती होतं, तेवढं सांगा. मी आणखी काही मागत नाही."

मुकादमाचा जबडा चार बोटं रुंद. कापूसचा जेमतेम एक बोट. ज्या बाईचा दिवस लोकांच्या तोंडात जातो, तिला हे बघताक्षणी कळलं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलंही, क्षणभर. मग तिनं पेला खाली ठेवला.

"मी माणसांचे दात बघते," ती म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. मला किळस आली ती तिची. खोटं बोलणारी माणसं मी पोत्यानं बघितली आहेत. साहेब खोटं बोलत होते ते भीतीपोटी, लाजेपोटी, ते मला समजतं. ही बाई खोटंसुद्धा बोलली नव्हती. तिनं नुसतं आपल्या पदवीमागे अंग चोरलं होतं, आणि घरी तिची वाट बघत दारात बसणाऱ्या जनावराला पुढे ढकललं होतं.

मी उठले आणि जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांच्या बँडेजबद्दल, तळघराबद्दल, सगळ्यांच्या शिक्षणाबद्दल बोलले. वन्संनी माझी बाही धरून खाली ओढलं.

"बस. सही माझी मागतायत."

मग त्यांनी साहेबांकडे पेन मागितलं. साहेबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्या तोंडात तो फॉर्म कोंबावासा वाटला. पण वन्संनी सहीच्या जागी सही केली नाही. त्यांनी फॉर्म फिरवून घेतला आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहायला लागल्या. बावीस वर्षं त्यांनी फक्त चादरींचे आकडे लिहिले होते. त्यांची अक्षरं मोठी, एकेक सुटं, हळू. सहा शिकलेली माणसं आणि मी, आम्ही सगळे त्या पेनाचा आवाज ऐकत बसलो. लिहून झाल्यावर त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांकडे सरकवला.

साहेबांनी मनात वाचलं. मग म्हणाले, "मुकादम कोण?"

"थंडर," वन्सं म्हणाल्या. "द्या, कंसात लिहिते."

त्यांनी लिहिलं होतं ते मी नंतर वाचलं: मी पाच पावलांवर होते. साहेबांनी कापूसला पट्ट्यासकट खांद्यावर घेतलं. कापूस भ्याला आणि साहेबांना चावला. मुकादम चावला नाही.

आता तो फॉर्म देता येत नव्हता. दिला असता तर पालिकेचा जनावरांचा डॉक्टर दोन्ही कुत्र्यांचे जबडे मोजायला आला असता. ती गोष्ट साहेबांना कळायला थोडा वेळ लागला, त्यांच्या शेजाऱ्याला त्याहून थोडा जास्त. डॉक्टरणीला आधीच कळली होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. साहेबांनी फॉर्मचे दोन तुकडे केले, मग चार. नंतर हॉस्पिटलात त्यांनी सांगितलं की जाळीच्या बाहेर एका बेवारस कुत्र्यानं चावलं, आधी गोंधळात चुकीचं नाव सांगितलं गेलं. ते कुत्रं काही सही करायला येणार नव्हतं.

वन्सं उठल्या. खुर्ची होती तशी आत सरकवली. साहेब म्हणाले, "उद्यापासून तुम्हाला बाग बंद." वन्सं म्हणाल्या, "हो, ते सांगितलंत मघाशी."

जिना चढताना मी त्यांना मिठी मारायला गेले. त्या म्हणाल्या, दम लागलाय मला, वर गेल्यावर मार.

ही गोष्ट इथं थांबवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही. पण दुसऱ्या दिवशी बागेच्या दोन्ही फाटकांवर कागद लागला, वन्संच्या फोटोसकट. फोटो समितीच्याच कुठल्या तरी स्वच्छता दिनाचा होता. त्यात वन्सं हसत होत्या. चारांतली तीन घरं आठवड्यात गेली. त्यांना काय झालं ते सगळं ठाऊक होतं. एकीनं तर मला रस्त्यात गाठून सांगितलं की मावशींचंच बरोबर होतं, अगदी बरोबर, फक्त आमच्या कुत्र्याला बागेची सवय आहे. एवढं बोलून ती माझ्या खांद्यावर हात ठेवायला आली. मी तो झटकला. राहिला तो शिंपी, त्याचं कुत्रं बारा वर्षांचं, त्याला कोपऱ्यापर्यंतच जायचं असतं. वन्सं आता दुपारी एका लॉजमध्ये पलंगपोस धुतात, इस्त्री करतात. हातांची कातडी पुन्हा निघायला लागली आहे.

मुकादमाचं नाव कुठल्याही यादीत चढलं नाही. डॉक्टरणीनं त्याला घरात ठेवलं आणि फिरवायला कंपनीचा माणूस लावला. रंगीत टी-शर्ट, कमरेला जाड पट्टा, त्या पट्ट्याला आठ कुत्री एकदम बांधलेली. तो माणूस कानात गाणी घालून चालतो. आठ कुत्री एकमेकांचे पाय तुडवत त्याच्यामागे.

गेल्या आठवड्यात ती वरात आम्हाला दिसली. मी आणि वन्सं बाजारातून येत होतो, माझ्या हातात कांदे, त्यांच्या हातात साबण. रस्त्याच्या पलीकडे तो माणूस सिग्नलला थांबला होता. मुकादम कडेला, इतरांपासून जरा सुटा. त्यानं नाक वर केलं. अजून आम्हाला बघितलं नव्हतं, नुसता वारा हुंगत होता, आणि त्याच्या पाठीची काळजीनं वाकलेली कमान हळूहळू सरळ होत होती.

मी वन्संना म्हटलं, जा, एकदा हात तरी फिरवा त्याच्या डोक्यावरून. रस्ता काही त्या समितीच्या बापाचा नाही.

वन्संनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं कोपर धरून त्यांनी मला मागे फिरवलं, भाजीवाल्याच्या आडोशानं.

"त्याला आता त्या माणसाच्या हातात चालायचंय," त्या म्हणाल्या. "मी दिसले की ओढेल. ओढलं की तो माणूस घरी सांगणार, हे कुत्रं आवरत नाही. मग पुन्हा फॉर्म. चल, मागच्या गल्लीनं जाऊ."

मागची गल्ली म्हणजे लांबचा वळसा, आणि तिथं गटार उघडं आहे. आम्ही नाकाला पदर लावून चाललो. पलीकडे एकदा भुंकल्याचा आवाज आला, एकच. वन्संनी पाय उचलला. मी कांद्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या मागे जवळजवळ पळत निघाले.